सिमोन वेल : अवधान शिकविणाऱ्या शिक्षिका

फ्रान्समध्ये लुआर नदीच्या काठी रोआन नावाचे कापडगिरण्यांचे गाव आहे. १९३३ च्या शरद ऋतूत तेथील मुलींच्या शासकीय विद्यालयात तत्त्वज्ञान शिकविण्यासाठी एक नव्या शिक्षिका रुजू झाल्या. वय अवघे चोवीस. जाड भिंगांचा चष्मा, अंगावर कसेबसे चढविलेले कपडे, एकसुरी आवाज. त्यांच्या वर्गात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच मुली होत्या. हा वर्ग शाळेच्या मुख्य इमारतीत भरत नसे. बागेच्या टोकाला, झाडीत हरवलेल्या एका छोट्या बंगलीत तो भरे आणि हवा चांगली असली म्हणजे एका मोठ्या देवदार वृक्षाच्या सावलीत. मुख्याध्यापिका गुण आणि क्रमांक विचारायला आल्या की ह्या शिक्षिका बहुधा ते देण्याचे नाकारीत.

ह्या शिक्षिका म्हणजे सिमोन वेल. विसाव्या शतकातील एक श्रेष्ठ विचारवंत म्हणून त्यांचे नाव आज जगभर घेतले जाते. त्यांच्या हयातीत मात्र त्यांचे एकही पुस्तक प्रसिद्ध झाले नव्हते. नोंदीपुरत्या त्या होत्या एक शाळाशिक्षिका, तीही वारंवार बदली झालेल्या आणि आजारपणामुळे वारंवार रजेवर गेलेल्या. किशोरवयीन मुलींना तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र ह्यांची पहिली ओळख करून देणे हेच त्यांचे काम होते. हे काम करता करता त्यांना जे गवसले, तेच पुढे त्यांना प्रार्थनेच्या दारापर्यंत घेऊन गेले. त्यांचे जीवन आपण ह्याच बाजूने पाहू या.

बालपण आणि एक काळोखी वाट

सिमोनचा जन्म ३ फेब्रुवारी १९०९ रोजी पॅरिस येथे झाला. वडील बर्नार वेल हे डॉक्टर होते. कुटुंब ज्यू वंशाचे, परंतु घरात कोणत्याही धर्माचे आचरण नव्हते. आईवडील प्रेमळ व सुशिक्षित होते. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ही चिमुरडी पाच वर्षांची होती. आघाडीवरील सैनिकांना साखर मिळत नाही असे कळल्यावर तिने आपलीही साखर बंद केली, अशी आठवण सांगितली जाते. दुसऱ्याच्या वाट्याला नाही ते आपण घ्यायचे नाही, हा हट्ट तिने मरेपर्यंत सोडला नाही.

तिचा थोरला भाऊ आंद्रे हा विलक्षण बुद्धीचा मुलगा होता. पुढे तो जगविख्यात गणिती झाला. १९३० ते १९३२ ह्या काळात त्याने आपल्या देशातील अलिगढ विद्यापीठात गणिताचे अध्यापनही केले. अशा भावाच्या सावलीत वाढणाऱ्या सिमोनला चौदाव्या वर्षी घोर निराशेने ग्रासले. भावाएवढे यश आपल्याला मिळणार नाही, ह्याचे तिला दुःख नव्हते. सत्याच्या राज्यात प्रतिभावंतांनाच प्रवेश असेल, तर आपण कायमचे बाहेर राहणार, ह्या विचाराने ती व्याकूळ झाली. मरण बरे असेही तिला वाटले. अनेक महिने ह्या काळोखात काढल्यावर तिच्या मनाला एक खात्री पटली. बुद्धी कितीही बेताची असो, जो मनुष्य सत्याची ओढ धरतो आणि त्याच्याकडे सतत अवधान लावून बसतो, त्याला ते राज्य मोकळे असते. एका किशोरवयीन मुलीची ही खात्री पुढे तिच्या साऱ्या अध्यापनाचा पाया झाली.

१९२५ मध्ये ती पॅरिसच्या आंरी चौथा विद्यालयात दाखल झाली. तेथे एमिल शार्तिए हे तत्त्वज्ञानाचे नामांकित शिक्षक होते. ‘आलँ’ ह्या टोपणनावाने ते लिहीत. मूळ ग्रंथ वाचणे आणि सतत लिहिणे ही त्यांची पद्धत. विद्यार्थ्यांनी निबंध लिहून आणावेत आणि त्यांनी ते बारकाईने वाचावेत. सिमोनवर ह्या गुरूचा ठसा कायमचा उमटला. १९२८ मध्ये तिने एकोल नोर्माल सुपेरिअर ह्या नामवंत संस्थेत प्रवेश मिळविला. त्या काळी तेथे मुली अगदी मोजक्याच असत. १९३१ मध्ये माध्यमिक शाळांतील अध्यापनासाठी घेतली जाणारी कठीण राष्ट्रीय स्पर्धा परीक्षा ती उत्तीर्ण झाली आणि शिक्षिका म्हणून तिची नेमणूक झाली.

शाळेतील तत्त्वज्ञान

येथे फ्रान्समधील एका प्रथेची माहिती देणे आवश्यक आहे. तेथे माध्यमिक शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींना तत्त्वज्ञान शिकविले जाते. सिमोन वेल ह्यांच्या काळी ह्या विषयात मानसशास्त्र, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र आणि तत्त्वमीमांसा ह्या सर्वांचा समावेश होता. वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय परीक्षा असे आणि तिच्यावर पुढील शिक्षण अवलंबून राही. मुलांच्या व मुलींच्या शाळांचा अभ्यासक्रम एकसारखा करण्याचा निर्णय १९२४ सालीच झाला होता. मुलींना तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या शिक्षिका ही तेव्हा अजून नवलाईचीच गोष्ट होती.

त्यांची पहिली नेमणूक ल प्वी ह्या डोंगराळ भागातील गावी झाली. हे गाव पवित्र मारियेच्या प्राचीन तीर्थक्षेत्रासाठी प्रसिद्ध आहे. आरंभी मुलींना ह्या शिक्षिकेचे हसू आले. कधी त्यांचा स्वेटर उलटा घातलेला असे आणि मुलींनाच तो लक्षात आणून द्यावा लागे. परंतु थोड्याच दिवसांत हसू मावळले आणि मुली त्यांना जपू लागल्या. छापील पाठ्यपुस्तकांवर सिमोन वेल ह्यांचा विश्वास नव्हता. प्लेटो, देकार्त अशा थोरांचे मूळ लेखन त्या मुलींपुढे ठेवीत. गणित हे मुलींना सूत्रांचे जंजाळ वाटते हे पाहून त्यांनी गणिताच्या इतिहासाचे जादा तास घेतले. एखादा सिद्धान्त कोणत्या अडचणीतून जन्मला हे समजले की मुलींची भीती पळून जाई.

शाळेबाहेर त्या वेगळ्याच वर्तुळात वावरत. गावातील बेकार मजूर दगड फोडण्याच्या कामावर होते. त्यांची मागणी घेऊन सिमोन वेल त्यांच्याबरोबर नगरपालिकेत गेल्या, त्यांच्याशी हस्तांदोलन केले, त्यांच्याबरोबर उपाहारगृहात बसल्या. एका शासकीय शिक्षिकेने असे वागावे ह्याचा गावात गहजब झाला. वरिष्ठांनी बडतर्फीची धमकी दिली, तेव्हा बडतर्फी हा आपण आपल्या नोकरीचा स्वाभाविक शेवटच मानत आलो आहोत, असे त्यांनी शांतपणे सांगितले. विद्यार्थिनींच्या पालकांनी मात्र त्यांच्या बाजूने अर्ज केला. पगाराचा मोठा भाग त्या कामगारांच्या मदतनिधीला देत. बेकारांना परवडत नाही म्हणून कडाक्याच्या थंडीतही त्या आपल्या खोलीत शेगडी पेटवीत नसत. सुट्टीच्या दिवशी आगगाडीने सँत-एतिएनला जाऊन खाणकामगारांचे वर्ग घेत.

देवदाराखालचे धडे

ल प्वीनंतर १९३२ मध्ये ओसेर आणि १९३३ मध्ये रोआन असा बदल्यांचा प्रवास झाला. रोआनच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने त्या वर्षीची टिपणे जपून ठेवली. पुढे १९५९ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यामुळे त्या देवदाराखाली काय शिकविले जात होते हे आज आपल्याला कळू शकते.

आरंभ आत्म्यापासून किंवा ईश्वरापासून होत नसे. तो शरीरापासून होई. डोळ्यांवर प्रकाश पडला की बाहुली का आकसते? घंटा वाजताच कुत्र्याच्या तोंडाला पाणी का सुटते? मनुष्याच्या वागण्याचा किती भाग अशा प्रतिक्षिप्त क्रियांनी, सवयींनी आणि सहजप्रवृत्तींनी समजावता येतो? जडवादी मानसशास्त्र जेथपर्यंत नेते, तेथपर्यंत त्या मुलींना प्रामाणिकपणे नेत. उत्तर ठाऊक आहे असे गृहीत धरून विरोधी मताला उडवून लावणे त्यांना मान्य नव्हते.

मग त्या एखाद्या साध्या पेटीचे उदाहरण घेत. पेटी घनाकृती आहे असे आपण म्हणतो. पण तिच्या सहाही बाजू आपण एकाच वेळी कधी पाहिल्या आहेत काय? एका वेळी फार तर तीन बाजू दिसतात आणि त्याही तिरक्या, असमान. म्हणजे घन ही आकृती डोळ्यांना कधीच दिसलेली नसते. तरीही दिसणाऱ्या प्रत्येक बाजूला अर्थ येतो तो त्या न दिसणाऱ्या घनामुळेच. दुसरे उदाहरण आंधळ्याच्या काठीचे. काठीचा दाब त्याच्या तळहातावर पडतो, पण रस्त्यातील खड्डा त्याला जाणवतो तो काठीच्या टोकाशी. सरावाने काठी जणू त्याच्या शरीराचाच भाग झालेली असते. अशा रोजच्या गोष्टींतून मुलींना उमगे की, पाहणे म्हणजे नुसते डोळे उघडे ठेवणे नव्हे. त्यात मन सहभागी असते.

मनाचा अभ्यास कसा करावा ह्या प्रश्नावर त्यांचे विवेचन विशेष मार्मिक होते. रागावलेल्या माणसाने स्वतःच्या रागाचे निरीक्षण करू पाहिले तर राग ओसरू लागतो. गणित सोडविणाऱ्याने आपण कसा विचार करतो आहोत हे न्याहाळायला घेतले की गणित सुटायचे थांबते. स्वतःकडे वळलेली नजर ज्याला पाहू जाते, तेच विरून जाते. मनाचे सामर्थ्य दिसते ते समोरच्या वस्तूकडे, समोरच्या प्रश्नाकडे पूर्णपणे वळल्यावर. फ्रॉइडच्या विचारांची ओळखही त्यांनी करून दिली. पण आपल्या आत दुसराच कोणी बसला आहे आणि आपण जबाबदार नाही, अशी पळवाट मुलींनी काढू नये, असा त्यांचा आग्रह होता. जो विचार आपण दडपतो, तो पाहण्याची आपली तयारी नसते. त्याच्यावर उजेड पाडणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

ह्या शिकवणीचे परीक्षेत काय झाले? ल प्वी आणि ओसेर ह्या दोन्ही ठिकाणी निकाल निराशाजनक लागले. अनेक मुली अनुत्तीर्ण झाल्या. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परीक्षा ही त्या मुलींच्या भवितव्याची बाब होती आणि त्यांच्या शिक्षिकेने तिला पुरेसे महत्त्व दिले नाही, असा आक्षेप कोणी घेतला तर तो निराधार म्हणता येणार नाही. तरीही त्यांच्या विद्यार्थिनींनी पुढे अनेक वर्षांनी त्यांची आठवण काढली ती कृतज्ञतेनेच.

कारखान्यातील एक वर्ष

१९३४ मध्ये त्यांनी शाळेतून रजा घेतली. कामगारांविषयी बोलणे पुरेसे नाही, त्यांचे जीवन जगले पाहिजे, असे त्यांना वाटत होते. ४ डिसेंबर १९३४ रोजी त्या पॅरिसमधील आल्स्तोम ह्या विद्युतयंत्रांच्या कारखान्यात कामगार म्हणून दाखल झाल्या. पुढे आणखी एका कारखान्यात आणि शेवटी रनो मोटारींच्या कारखान्यात, १९३५ च्या ऑगस्टपर्यंत त्यांनी काम केले. १९३० पासून तीव्र डोकेदुखी त्यांच्या पाठीशी लागली होती. हात कामाला सराईत नव्हते. भट्टीचे चटके बसत, नग कमी भरत, मजुरी कापली जाई.

तेथे त्यांना एक भयंकर गोष्ट उमगली. यंत्राचा वेग आणि मुकादमाचा धाक ह्यांच्यामध्ये माणसाला विचार करणेच असह्य होते. दुःख टाळण्याचा एकच मार्ग उरतो : विचार थांबविणे. जे अवधान आपण वर्गात मुलींना शिकवीत होतो, ते येथे माणसाकडून हिरावून घेतले जाते, हे त्यांनी स्वतःच्या देहावर अनुभवले. ह्या वर्षाने आपले तारुण्य संपले, असे त्यांनी पुढे लिहिले.

त्यानंतर बूर्ज येथे त्यांनी पुन्हा शिकविले. जवळच्या एका ओतशाळेच्या कामगारांसाठी त्यांनी १९३६ मध्ये अँटिगनीची ग्रीक कथा सोप्या भाषेत लिहून दिली. थोर साहित्य हे सुखवस्तू लोकांपेक्षा सोसणाऱ्यांनाच अधिक कळेल, अशी त्यांची श्रद्धा होती. त्याच वर्षी त्या स्पेनच्या यादवी युद्धात गेल्या, परंतु उकळत्या तेलात पाय पडून भाजल्यामुळे लवकरच परतल्या. सँ-कांतँ ही त्यांची शेवटची शाळा ठरली. १९३८ च्या जानेवारीत डोकेदुखीमुळे त्यांना शिकविणे थांबवावे लागले.

ख्रिस्ताची भेट

ईश्वराचा प्रश्न त्यांनी कधी सोडवायला घेतला नव्हता. पण १९३५ मध्ये, कारखान्यातून खचून बाहेर पडल्यावर, पोर्तुगालमधील एका गरीब मच्छीमार गावी त्या गेल्या. ग्रामसंताचा सण होता. कोळ्यांच्या बायका हातात मेणबत्त्या घेऊन, करुण सुरात प्राचीन गीते गात होड्यांभोवती मिरवणुकीने फिरत होत्या. ख्रिस्ती धर्म हा दीनदास्यांचा धर्म आहे आणि आपणही त्यांच्यातीलच एक आहोत, असे त्यांना त्या रात्री तीव्रतेने जाणवले. १९३७ मध्ये असिसी येथे, संत फ्रान्सिसने जेथे प्रार्थना केली त्या लहानशा चॅपेलमध्ये, त्यांनी आयुष्यात प्रथमच गुडघे टेकले.

१९३८ च्या पवित्र सप्ताहात सोलेम येथील बेनेडिक्टाइन मठात त्यांनी दहा दिवस काढले. डोके घणाचे घाव बसावेत तसे दुखत होते. तरीही सारे अवधान एकवटून त्या मठवासीयांचे गायन ऐकत राहिल्या. त्या वेदनेतच त्यांना निर्मळ आनंद लाभला आणि ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा अर्थ त्यांच्या अंतःकरणात शिरला. तेथे भेटलेल्या एका इंग्रज तरुणामुळे त्यांना जॉर्ज हर्बर्ट ह्या कवीची प्रेमावरील कविता मिळाली. डोकेदुखी वाढली की त्या ती मनःपूर्वक म्हणत. अशाच एका वेळी स्वतः ख्रिस्त आपल्याजवळ आला, असा अनुभव त्यांना आला. तोपर्यंत त्यांनी साधुसंतांचे गूढानुभव वाचलेही नव्हते.

विद्यार्थ्यांसाठी शेवटचा धडा

१९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले. वेल कुटुंब मार्सेयला गेले. ज्यूंविरुद्धच्या नव्या कायद्याने शाळांची दारे सिमोन वेल ह्यांना बंद झाली. त्याच काळात त्यांनी भगवद्गीता वाचली आणि संस्कृतचा अभ्यास केला. १९४१ च्या जूनमध्ये डॉमिनिकन धर्मगुरू फादर जोसेफ-मारी पेरँ ह्यांच्याशी त्यांची ओळख झाली. फादरांनी त्यांना गुस्ताव तिबों ह्या कॅथलिक लेखकाच्या शेतावर पाठविले. तेथे दिवसा शेतकाम आणि संध्याकाळी तिबों ह्यांना ग्रीक भाषेत प्लेटो शिकविणे असा त्यांचा क्रम होता. प्रभूची प्रार्थना त्यांनी मूळ ग्रीकमध्ये पाठ केली. रोज सकाळी, आणि द्राक्षमळ्यात काम करतानाही, त्या ती पूर्ण अवधानाने म्हणत. मन तिळमात्र ढळले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करीत.

१९४२ मध्ये फादर पेरँ ह्यांच्याकडे कॅथलिक विद्यार्थ्यांची जबाबदारी होती. त्या विद्यार्थ्यांसाठी सिमोन वेल ह्यांनी एक छोटा निबंध लिहिला. शालेय अभ्यासाचा ईश्वरप्रेमासाठी उपयोग कसा करावा, हा त्याचा विषय. प्रार्थना म्हणजे ईश्वराकडे लावलेले संपूर्ण अवधान होय आणि शाळेतील प्रत्येक विषय हा त्या अवधानाचा सराव आहे, असे त्या सांगतात. भूमितीचे उदाहरण तासभर झटूनही सुटले नाही, तरी तो तास वाया जात नाही. त्याचे फळ कधीतरी प्रार्थनेत मिळते. आर्सचे धर्मगुरू संत जॉन मेरी व्हियान्नी ह्यांचा दाखला त्या देतात. लॅटिन शिकण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे केलेली धडपड निष्फळ वाटली, पण तीच पुढे पापनिवेदनाला येणाऱ्यांचे अंतःकरण ओळखताना फळाला आली.

अवधान म्हणजे कपाळाला आठ्या घालून श्वास रोखणे नव्हे, असेही त्या बजावतात. मन मोकळे ठेवून, घाई न करता, सत्याची वाट पाहणे म्हणजे अवधान. चुकलेला निबंध ड्रॉवरमध्ये लपवू नये. आपली चूक शांतपणे, न टाळता न्याहाळावी, कारण नम्रतेचा धडा त्याहून चांगला मिळणार नाही. आणि अखेरीस, ज्याला असे अवधान देता येते, तोच दुःखी शेजाऱ्याला तुला काय होते आहे असे विचारू शकतो आणि उत्तर येईपर्यंत थांबू शकतो. त्यांच्या लेखी ईश्वरप्रेम आणि शेजारप्रेम ह्या दोहोंचे मूलद्रव्य अवधान हेच आहे.

उंबरठ्यावर

मे १९४२ मध्ये आईवडिलांसह त्यांनी फ्रान्स सोडले. न्यूयॉर्कहून त्या वर्षाच्या अखेरीस त्या लंडनला आल्या आणि स्वतंत्र फ्रान्सच्या कार्यालयात काम करू लागल्या. १९४३ च्या एप्रिलमध्ये क्षयरोगाने त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. फ्रान्समधील देशबांधव अर्धपोटी असताना अधिक खाणे त्यांना जमेना. २४ ऑगस्ट १९४३ रोजी इंग्लंडमधील ॲशफोर्ड येथील आरोग्यधामात वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. अन्न नाकारून त्यांनी मृत्यू ओढवून घेतला, असा निष्कर्ष तपास अधिकाऱ्याने नोंदविला. त्यांना जवळून ओळखणाऱ्यांना तो पटला नाही आणि ह्यावर आजही मतभेद आहेत.

ख्रिस्तावर इतके प्रेम असूनही त्यांनी फादर पेरँ ह्यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला नाही. जे असंख्य लोक ख्रिस्तसभेबाहेर आहेत, त्यांच्यापासून वेगळे होणे त्यांना अवघड वाटत होते. काही शिकवणींविषयी त्यांच्या शंकाही होत्या. जुन्या कराराविषयीची त्यांची मते तर कठोर आणि अन्यायकारक होती. म्हणून त्यांचे लेखन वाचताना विवेक राखावा लागतो. फादर पेरँ ह्यांनी त्यांना घाई केली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १९५० मध्ये त्यांची पत्रे व निबंध ‘ईश्वराची प्रतीक्षा’ अशा अर्थाच्या नावाने त्यांनीच प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांसाठीचा तो निबंधही त्यातच आहे.

अवधान हा शब्द मराठीला परका नाही. कीर्तनकार निरूपणाच्या आरंभी श्रोत्यांकडे तेच मागतात. आपल्याकडे बारावीच्या कला शाखेत तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र हे विषय घेता येतात. निकालाच्या दिवशी घरोघरी मुलांना पहिला प्रश्न गुणांचाच विचारला जातो आणि तो अस्थानी आहे असे नाही. परंतु जी मुलगी रात्री उशिरापर्यंत एका उदाहरणाशी झुंजली आणि ज्या मुलाला ते शेवटपर्यंत सुटले नाही, त्यांच्याशी बोलताना रोआनच्या बागेतील ह्या शिक्षिकेची आठवण ठेवावी. त्यांचे श्रम वाया गेले, असे आपण म्हणू नये. ते कोठे उगवतील, हे गुणपत्रिकेवर लिहिलेले नसते.